जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट: हळदीचा सीझन काढल्यानंतर

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या आमच्या अडत दुकानातला कॉम्प्युटर चौथ्या पिढीच्या आय-थ्रीचा, रॅम 4 जीबी. विंडोज 10 ची नेहमीची अपडेट्स 14 ऑक्टोबर 2025 ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर थांबली. विंडोज 11 ला इंटेलच्या प्रोसेसरची किमान आठवी पिढी आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते, त्यामुळे आमचं मशीन बाद. सीझनच्या आधी नवीन मशीनमध्ये पैसे अडकवायला घरात कुणी तयार नव्हतं. मग हार्ड डिस्कच्या जागी वेगवान एसएसडी टाकली आणि विंडोजशेजारी लिनक्स मिंट 22 ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती बसवली. हळदीचा अख्खा सीझन त्यावर गेला.

मशीन आता पटकन उठतं. पण त्यातलं निम्मं श्रेय एसएसडीचं आहे. हार्ड डिस्क तशीच ठेवून नुसतं लिनक्स टाकणाऱ्यांनी चमत्काराची वाट बघू नये. अपडेट मात्र आपल्या सवडीने करता येतात, सौदे चालू असताना मशीन आपणहून रीस्टार्ट मागत बसत नाही. हे मला सगळ्यात आवडलं. उबुंटू 24.04 या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेली आवृत्ती असल्याने 2029 पर्यंत अपडेट्सची चिंता नाही.

पहिल्याच आठवड्यात दिवाणजींनी विचारलं, "मालक, ह्यातली टॅली कुठं गेली वो?" टॅली म्हणजे आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर, त्याची लिनक्ससाठी आवृत्ती नाही. 'वाइन' या विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर चालवायच्या युक्त्या लोक सांगतात, पण धंद्याची वही मी युक्तीवर ठेवणार नाही. म्हणून विंडोज ठेवलंय, त्याच्या सुरक्षा अपडेट्सना 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतची मुदतवाढ घेतलीय, आणि टॅलीपुरतंच ते उघडतो. जीएसटीचं काम मात्र मिंटवरच फायरफॉक्समध्ये होतं. एकट्या मालकीची पेढी असल्याने ओटीपीवर भागतं. डिजिटल सहीचा टोकन लागणाऱ्यांनी त्याचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालतं का, ते आधी बघावं.

दोन्ही सिस्टिम एकाच मशीनवर ठेवल्या की घड्याळाचा घोळ होतो. मिंट मशीनमधली वेळ युटीसी, म्हणजे जागतिक वेळ धरतं, विंडोज स्थानिक. दुपारी बाराला विंडोज उघडलं की सकाळचे साडेसहा! टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एक ओळ टाकून मिंटलाही स्थानिक वेळ धरायला लावली, तेव्हा मिटलं.

खरी डोकेदुखी मराठीची, म्हणजे जुन्या मराठीची. शेतकऱ्यांना द्यायच्या पट्ट्यांचे (विक्रीच्या हिशेबाच्या कागदांचे) नमुने, नोटिसा, सगळं जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये, म्हणजे तो फॉन्ट नसेल तर वाचताच न येणारं. लिबरऑफिसमध्ये उघडलं तर 'हळद' च्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा. फॉन्टची फाइल कॉपी करून टाकली तर वाचता येतं, पण त्यात टायपिंग करायचं सॉफ्टवेअर विंडोजचंच. शेवटी रोजचे नमुने युनिकोडमध्ये नव्याने करून घेतले. मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिंटमध्ये आधीच आहे, सेटिंगमध्ये जोडायचा एवढंच. 'शेतकऱ्यांना' मधला ऱ्या हवा असेल तर शिफ्ट धरून जे, मग डी, मग य, मग काना. ते साधं र दाबून केलं की 'शेतकर्यांना' उमटतं आणि र्य बघून दिवाणजी चष्मा पुसतात. जुन्या फाइली अजून तशाच पडल्या आहेत, त्यांचं रूपांतर करायला वेळ कुणाला आहे?

प्रिंटरचा विषय थोडक्यात संपवतो, कारण त्याचा राग अजून गेलेला नाही. आमच्या जुन्या लेझर प्रिंटरला कंपनीचा वेगळा ड्रायव्हर लागतो. तो बसतो, पण मशीन झोपेतून उठलं की प्रिंट अडकते. दारात शेतकरी पट्टीसाठी उभा आणि आपण वायर काढून घालतोय.

घरी फक्त नेट, पत्रं, मुलांचा अभ्यास असेल तर बिनधास्त मिंट टाका, विंडोज ठेवायची गरज नाही. मिंटमध्ये टाइमशिफ्ट नावाची सोय आहे, ती सिस्टिमची प्रत जपून ठेवते. ती पहिल्याच दिवशी चालू करा. अपडेटने काही बिघडलं तर आदल्या दिवसाच्या स्थितीला परत जाता येतं.

आता पुढचा खर्च प्रिंटरचा. वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालणारा घ्यायचाय. दुकानदार "सगळ्याला चालतो" म्हणेलच, म्हणून मिंट चालू करता येणारा पेन ड्राइव्ह आणि लॅपटॉप बरोबर नेणार आहे. काउंटरवरच पट्टीचं एक पान छापून बघायचं, मग पैसे.