जोंगाचा अटकणारा क्लच आणि ऑटोमोटिव्ह चौकातलं गॅरेज

नागपुरात कोणी जुनी जोंगा (मिलिटरीची जीपसारखी गाडी) किंवा जीप सांभाळून असाल आणि हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, क्लच त्रास देऊन राहिला असेल, तर गिअरबॉक्स उतरवायला हो म्हणण्याआधी एकदा ऑटोमोटिव्ह चौकाच्या पुढे, कामठी रोडला लागून जे टिनाच्या शेडचं छोटं गॅरेज आहे तिथं जाऊन या. बोर्ड नाही, पण बाहेर एखाददुसरी मिलिटरी लिलावातली गाडी उभी असतेच, त्यावरून ओळखू येते.

माझी जोंगा तशीच लिलावातली. जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत १९६९ पासून निसानच्या पॅट्रोल ६० वरून या गाड्या बनायच्या, ३.९ लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, अजूनही काय ताकद आहे बाप्पा! पण क्लचनं जीव खाल्ला होता. गाडी थंड असताना सगळं मस्त, बर्डीच्या ट्रॅफिकमध्ये दाबून-सोडून गरम झाली की पाय काढला तरी पेडल अर्ध्यापर्यंतच वर यायचं, इंजिन नुसतं रेस होते आणि गाडी ओढतच नाही. आधीच्या एका गॅरेजवाल्यानं गाडीखाली न वाकताच सांगून टाकलं की क्लच प्लेट, प्रेशर प्लेट दोन्ही गेले, गिअरबॉक्स उतरवा. मला ते काही पटलं नाही, प्लेट घासली तर थंड असतानाही स्लिप व्हायला पाहिजे ना.

कामठी रोडच्या या गॅरेजातले काका म्हणाले, "भाऊ, आधी प्रेशर कुठं अडकून राहिलं ते पाहू, पाना मग लावू." आणि ते जसं पाहिलं तेच खरं सांगण्यासारखं आहे. गाडी फिरवून गरम केली, क्लच अटकू दिला आणि तशीच अटकलेली असताना मास्टर सिलिंडरवरचा (पेडल दाबलं की तेल ढकलतो तो) पाइपाचा नट थोडा ढिला केला. काहीच फरक नाही, फोर्क (क्लच सोडवणारा दांडा) जागच्या जागी. म्हणजे मास्टर तेल अडवत नव्हता. नट आवळून खाली गेले आणि स्लेव्ह सिलिंडरचं (त्या तेलाच्या दाबानं फोर्क ढकलतो तो) एअर काढायचं निपल उघडलं, तर फस्सकन काळं ब्रेक ऑइल (क्लचमध्येही हेच तेल असते) उडालं आणि फोर्क खाड्कन मागं आला! फोर्क मागं आला नसता तर दोष फोर्क, बेअरिंग नाहीतर प्लेटमध्ये, मग गिअरबॉक्स उतरवणं आलंच असतं. पण इथं मास्टर आणि स्लेव्हच्या मधेच काहीतरी तेल परत जाऊ देत नव्हतं, आणि मधे काय, तर रबरी होज.

तो होज काढून ब्लेडनं उभा चिरून माझ्या हातात दिला. बाहेरून एकदम चांगला दिसत होता, कुठं चीर नाही की गळती नाही, पण आत रबराचा थर फुगून सुटला होता आणि जिभेसारखा लोंबत होता. पायाच्या जोरानं तेल पुढं जायचं, परत येताना ती जीभ भोक बंद करायची. इतक्याशा रबरासाठी गिअरबॉक्स खाली येणार होता, राजेहो!

काम तिथंच थांबवलं नाही हे मला जास्त आवडलं. स्लेव्ह खोलून बोअर (आतली पोकळी) पाहिला, गंजाचे खड्डे नव्हते, पण रबरी सीलची किट नवीन टाकली आणि ती बसवताना साधं ग्रीस नाही लावलं, रबर ग्रीस लावलं, कारण पेट्रोलियमच्या ग्रीसनं सील फुगतात. मास्टरच्या पुशरॉडला मिलीमीटरभर फ्री प्ले (मोकळी चाल) ठेवला, तो नसला तर पिस्टन पूर्ण मागं येत नाही, टाकीकडचं बारीक छिद्र झाकून राहते आणि तेल गरम होऊन फुगलं की क्लच पुन्हा अटकतो. सगळं जुनं ऑइल काढून नवीन डॉट ३ ग्रेडचं ब्रेक ऑइल भरलं, एअर काढली. दर दोन वर्षांनी बदला म्हणाले, हे ऑइल हवेतली ओल ओढते, आपल्याकडचा पावसाळा काही कमी नाही. डॉट ४ चालते, डॉट ५ सिलिकॉनचं असते, ते यात मिसळायचंच नाही.

सगळं मिळून ५,००० च्या आत झालं. त्यानंतर रामटेकला गडाच्या चढावर भर दुपारी गाडी नेली, पेडल एकदाही अर्ध्यात थांबलं नाही.

आता कमी काय ते पण सांगतो. स्पेअर ते ठेवत नाहीत, होज आणि किट आपल्यालाच शोधून आणावी लागते, आणि त्यात वेळ जातो. फोन उचलत नाहीत. बसायला जागा नाही, मे महिन्यात त्या टिनाखाली उभं राहणं कठीण आहे. वायरिंगचं काम ते घेत नाहीत, सरळ नाही म्हणतात.

जाल तेव्हा सकाळी लवकर जा, आणि गाडी चालवून गरम करूनच न्या, थंड गाडीत हा दोष दिसतच नाही.