टायटलिस्ट व्होकी एसएम९ : पिच शॉटसाठी ५६ अंशांची वेज

गोल्फमध्ये ग्रीनपासून (छिद्राभोवतीच्या अगदी बारीक गवतापासून) तीस ते साठ यार्डांवरून उंच उचलून मारायचा पिच शॉट हा माझ्या खेळातला सर्वांत कच्चा दुवा होता, आणि टायटलिस्टच्या व्होकी एसएम९ मालिकेतील ५६ अंश लॉफ्ट (काठीच्या तोंडाचा तिरपेपणा), १४ अंश बाउन्स (तळाचा कोन, त्याविषयी पुढे) आणि एफ ग्राइंडची (तळाच्या घडणीचा प्रकार) वेज, म्हणजे छोट्या फटक्यांची काठी, मी त्याच एका फटक्यासाठी घेतली. दोन पावसाळे आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर लिहिलेले हे परीक्षणही त्या फटक्यापुरतेच आहे.

माझी आधीची वेजही ५६ अंशांचीच होती. ज्या दुकानातून ती घेतली, तिथे माझी उंची आणि हँडिकॅप (खेळाचा दर्जा सांगणारा आकडा) विचारला गेला, पण मी कोणत्या जमिनीवर खेळतो हे कोणीही विचारले नाही. तिचा बाउन्स कमी होता. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याची फेअरवे (मैदानातली कापलेल्या गवताची पट्टी) भिजून मऊ झाली की तिची पुढची कड चेंडूच्या दोन बोटे मागे जमिनीत रुतायची, चिखलाचा जाड पोपडा उडायचा, उरलेल्या खळग्यात पाणी झिरपायचे आणि चेंडू जेमतेम दहा यार्ड सरकायचा. हा दोष सर्वस्वी माझ्या मनगटांचा आहे, असे मी बराच काळ धरून चाललो होतो.

बाउन्स म्हणजे वेजच्या तळाचा असा कोन, ज्यामुळे तळाचा मागचा भाग पुढच्या कडेपेक्षा खाली राहतो आणि काठी जमिनीत न घुसता तिच्यावरून घसरत पुढे जाते. अमेरिकन गोल्फपटू जीन सारझेन यांनी १९३२ च्या ब्रिटिश ओपनमध्ये वाळूतल्या फटक्यांसाठीची जी सँड वेज वापरून विजेतेपद मिळवले, तिचे मर्म हेच होते. वाळूत जे घडते तेच भिजलेल्या मातीतही घडते. नव्या वेजने पहिल्याच आठवड्यात फरक दाखवला : खळग्याऐवजी गवत नुसते तासल्यासारखे दिसू लागले आणि फटक्याचा आवाज ‘धप्’ न येता हलका, घासल्यासारखा येऊ लागला.

मात्र हा बाउन्स खेळाडूने वापरू दिला पाहिजे, आणि या बाबतीत मी आग्रहाने लिहितो आहे. चेंडू उजव्या पायाकडे ठेवून हात खूप पुढे ढकलले, तर दांडा जितके अंश पुढे झुकतो, साधारण तितकाच बाउन्स कमी होतो. आठ अंश झुकवल्यास चौदापैकी सहाच उरतात आणि मग ही वेजही रुतते. चेंडू दोन्ही पायांच्या मधोमध, वजन किंचित डाव्या पायावर, दांडा जवळजवळ सरळ आणि फटक्याबरोबर छातीही लक्ष्याकडे वळलेली, एवढे सांभाळले की काम होते. अंतर जोराने नव्हे, तर हात मागे किती नेला त्यावरून ठरवावे. मी तीस, चाळीस आणि पन्नास यार्डांवर टॉवेल पसरतो आणि चेंडू किती लांब गेला यापेक्षा तो पहिल्यांदा कुठे पडला तेच पाहतो.

या मालिकेत ५६ अंशांपासून वरच्या लॉफ्टना तोंडावर रुंद आणि उथळ खोबणी दिलेली आहे. ओल्या गवतात फिरकी कमी होतेच, पण प्रत्येक फटक्याआधी खोबणी पुसली, तर चेंडू दुसऱ्या टप्प्यानंतर आवरला जातो, हा माझा अनुभव आहे. चेंडूमागे उभे राहिल्यावर वेजचे डोके आटोपशीर दिसते. त्यामुळे मन स्थिर राहते, आणि छोट्या फटक्यात हे फार महत्त्वाचे आहे.

एप्रिल-मेमध्ये मात्र हाच रुंद तळ कडक, भाजलेल्या जमिनीवर उसळतो आणि पुढची कड चेंडूच्या मध्यावर आदळून तो ग्रीनपलीकडे जाण्याचा धोका असतो. हा वेजचा दोष नसून निवडीचा प्रश्न आहे, कारण याच लॉफ्टमध्ये ८ अंश बाउन्सची एम ग्राइंड आणि १० अंशांची एस ग्राइंडही मिळते. वर्षभर एकच वेज बाळगायची असेल तर मी १० अंशांची घेईन. २०२४ मध्ये एसएम१० आल्यामुळे चांगल्या अवस्थेतील एसएम९ शोधणे शहाणपणाचे ठरेल. वापरलेली घेताना खोबणीच्या कडांवरून नख फिरवून पाहावे आणि ते अडत नसेल तर ती घेऊ नये.