दिवा विझवला, ब्रेक तसेच ठेवले

नागपुरात जुनी, विदेशी बनावटीची सेडान चालवणाऱ्यांनी हे जरूर वाचा. ब्रेकला हात न लावता नुसता इशाऱ्याचा दिवा बंद करायची ही फसवणूक चटकन लक्षात येत नाही, कारण काम झाल्यासारखंच दिसतं.

माझ्या 2010 च्या गाडीत ब्रेक पॅडचा पिवळा दिवा (गोल, दोन्ही बाजूंना तुटक रेषा) मधूनच लागायचा. खड्ड्यात आपटली किंवा स्टिअरिंग पूर्ण वळवलं की लागायचा, वर्धा रोडवर सरळ निघालो की गायब. शहरातल्या एका गॅरेजवाल्यानं चाकही न काढता सांगितलं, "काकाजी, पॅड गेले, डिस्कही गेल्या. एबीएस मॉड्युलही जाऊन राहिलं. अशी गाडी घरी नेऊ नका बरं." डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी तबकडी, ब्रेक दाबला की पॅड तिला आवळतात. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. तिचा दिवा वेगळा असतो आणि तो कधी लागलाच नव्हता, म्हणून मॉड्युलला मी नकार दिला. तो लगेच पॅड आणि डिस्कवर आला. 18,500 रुपये. संध्याकाळी गाडी मिळाली, सोबत पिशवीत झिजलेले पॅड. दिवा बंद, आणि पुढे कित्येक महिने बंदच.

मग टायर बदलायला गेलो. तिथल्या पोट्ट्यानं पुढचं डावं चाक काढलं आणि मला हाक मारली. डिस्कच्या कडेला बोटाला लागेल एवढा उंचवटा. नव्या डिस्कला तो नसतो. पॅड जेमतेम 3 मिलिमीटर उरलेले, नवे साधारण 10-12 चे असतात. आणि पॅडची झीज ओळखणाऱ्या सेन्सरची वायर कापून दोन्ही टोकं एकमेकांना पिळलेली, वरून काळी टेप. पिशवीतले पॅड आणून लावून पाहिले तर मापच वेगळं. कुण्या दुसऱ्याच गाडीचे!

या सेन्सरमध्ये पॅडच्या आत वायरचा फेरा असतो. पॅड तिथवर झिजलं की डिस्क ती वायर घासून तोडते, सर्किट तुटतं, दिवा लागतो. कनेक्टर सैल झाला, आत गंज चढला तरी तेच होतं, फक्त मधूनमधून. माझ्या गाडीचं दुखणं बहुधा एवढंच होतं. टोकं जोडल्यावर मात्र पॅड लोखंडापर्यंत घासले असते तरी दिवा लागला नसता. पैशांचं सोडा, त्याच गाडीत घरची लेकरं बसतात.

गॅरेजवाल्याला जाब विचारला तर म्हणतो, "लाइट बंद झाला ना? तुमची तक्रार लाइटचीच होती."

म्हणून चाक उघडं असताना तिथेच उभे राहा. पॅडची जाडी समोर मोजून घ्या. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते, व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावायला सांगा. नव्या पार्टचा खोका पाहा, नंबर बिलावर लिहून घ्या. आणि इग्निशन चालू ठेवून सेन्सरचा कनेक्टर काढायला लावा. माझ्यासारख्या गाडीत तेव्हा दिवा लागायलाच हवा. नाही लागला तर वायर कनेक्टरच्या मागे कुठेतरी पिळून जोडलेली समजा. चावी फिरवल्यावर सगळे दिवे क्षणभर लागतात त्यावर जाऊ नका, ती नुसती दिव्यांची तपासणी.

माझं बिल साध्या कागदावर, "ब्रेक काम" एवढंच. पण पैसे यूपीआयनं दिले होते आणि टायरच्या दुकानात फोटो काढलेत. त्यावर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार दिली आहे. तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.