गुन्हापीडितांची भरपाई : नागपुरातील एक अनुभव

शेजारच्या कुटुंबाच्या अर्जानिमित्त सिव्हिल लाइन्समधील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाणे झाले. आरोपी सापडला नसेल आणि खटलाही उभा राहिला नसेल, तरी पीडिताला शासकीय भरपाईसाठी अर्ज करता येतो, ही जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५७-अ मधील आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ मधील तरतूद तेथील कर्मचाऱ्यांनी न कंटाळता समजावून सांगितली. एवढी साधी गोष्ट तक्रार नोंदवतानाच कुणी सांगत नाही, याचे नवल वाटते. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार व ॲसिड हल्ल्यातील पीडितांसाठी २०१३ पासून मनोधैर्य ही वेगळी योजना आहे.

उणीव वेगाची आहे. कायद्याने चौकशीला दोन महिन्यांची मुदत दिली असली, तरी संबंधित पोलीस ठाण्याचा अहवाल येईपर्यंत कागद पुढे सरकला नाही, आणि दवाखान्याचा खर्च तर तोवर थांबत नाही. त्यामुळे प्रथम खबरीची (एफआयआरची) प्रत, वैद्यकीय कागदपत्रे आणि बँक पासबुक सोबत न्यावे, आणि कायद्यात सोय असलेली अंतरिम (अंतिम निर्णयाआधीची) मदत पहिल्याच अर्जात लेखी मागावी. ती आपणहून सुचवली जाईलच असे नाही.