सांगलीत मॉडेल रेल्वेसाठी आभाळ रंगवून घेतलं, एक नंबर काम

मिरज जंक्शनचा एचओ स्केलचा म्हणजे १:८७ चा, खऱ्यापेक्षा ८७ पट लहान लेआउट (रूळ, स्टेशन, गाड्यांचा छोटा देखावा) करतोय, त्याच्या मागचं आभाळ सांगलीतल्या एका बोर्ड पेंटरकाकांकडून हार्डबोर्डवर रंगवून घेतलं आणि काय काम केलंय राव! वर गडद निळा, खाली क्षितिजाकडे पांढरा वाढवत नेलाय, रंग ओला असतानाच ब्रश आडवा फिरवून मिसळलाय त्यामुळे पट्टा कुठंच दिसत नाही. मॅट इमल्शन वापरलंय, लाईट मारली तरी चमकत नाही, फ्लेक्सचं तेच तर दुखणं असतं. कोपऱ्यात बोर्ड गोल वाकवून बसवला, नाहीतर आभाळात उभी रेघ दिसते. ढग जरा मोठे झालेले, इंजिन सोडून नजर तिकडंच जायची, पण सांगितल्यावर लगेच फिके करून दिले. वेळ लावतात, घाई असेल तर जाऊ नका.