लाल चकतीवाला टायमर: वर्गात वेळ लावून निबंध लिहून घेणाऱ्यांनी घ्यावा का?

आकडे पळणारा नाही, चकतीवाला. ४० मिनिटांवर फिरवून ठेवायचा, लाल भाग हळूहळू कमी होत जातो, लाल संपलं की वेळ संपली, बस. वर्गात मुलांकडून वेळ लावून निबंध लिहून घ्यायला घेतला आणि त्या कामाला खरंच भारी आहे.

डिजिटल घड्याळ समोर असलं की मुलं लिहायचं सोडून वजाबाकी करत बसतात, १७ मिनिटं राहिली, अजून दोन मुद्दे बाकी, म्हणजे एकाला किती... आणि तेवढ्यात डोक्यात जुळवलेलं वाक्य गायब. चकतीकडे नुसती नजर टाकली तरी अंदाज येतो, हिशोब करावा लागत नाही.

मी डायलवर दोन बारीक चिकटपट्ट्या लावल्यात, एक ३५ वर आणि एक ५ वर. पहिली ५ मिनिटं फक्त मुद्दे काढायचे, मधली ३० लिहायचं, शेवटची ५ वाचून काढायचं. (आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेवाल्यांनाही चालेल, तिथे टास्क २ ला, म्हणजे निबंधाला, साधारण ४० मिनिटं आणि किमान २५० शब्द असतात.) एक मुलगी आहे, प्रस्तावनेची पहिली ओळ लिहिते, खोडते, परत लिहिते, परत खोडते, निम्मा वेळ त्यातच जायचा. आता लाल भाग पहिल्या पट्टीच्या मागे गेला की वर चार ओळी कोऱ्या सोडते आणि थेट पहिल्या मुद्द्याला हात घालते, प्रस्तावना सगळ्यात शेवटी. निबंध पूर्ण होतोय आता तिचा.

आता तक्रारी. बॉक्सवर आवाज होत नाही असं छापलंय पण वर्ग शांत झाला की टिकटिक ऐकू येते, पुढच्या बाकावरच्यांना तर नक्कीच. मागच्या बाकावरून चकती नीट दिसत नाही, मोठा साइज घ्या. बीप आधी बंद करा, नाहीतर वाजला की अर्ध्या वाक्यात पेन खाली. आणि शेवटी लालची बारीक फोड उरते ना, ती बघून काहीजण गारठतातच, म्हणून तेव्हा मी टायमर माझ्याकडे वळवून घेते आणि "आता वाचून काढा" एवढंच सांगते.

लक्ष उडण्यावर मात्र याचा शून्य उपयोग. शेजारच्याने उठून पुरवणी मागितली की आपलं अजून पहिलंच पान चालू आहे म्हणून पोटात गोळा येतो तो येतोच, टायमर काय करणार त्याला. धडधडीवर एक फुकटचा उपाय आहे, २०११ मध्ये सायन्स या जर्नलमध्ये रामिरेझ आणि बायलॉक यांचा अभ्यास आला होता, परीक्षेच्या आधी १० मिनिटं मनातली भीती कागदावर लिहून काढली तर घाबरणाऱ्या मुलांचे मार्क सुधारलेले दिसले. मी करून घेते अधूनमधून, काहींना फरक पडतो, काही नुसती चित्रं काढतात.

पाचपैकी साडेतीन स्टार. सरावासाठी घ्या, आणि खऱ्या परीक्षेत असलं काही बाकावर ठेवू देत नाहीत बहुतेक ठिकाणी, त्यामुळे परीक्षा जवळ आली की हा काढून भिंतीवरच्या साध्या घड्याळावर सराव करून घ्या.