पोफळीवर मिरी चढवावी की पोफळींच्या मध्ये जायफळ लावावं?

गोव्यात सत्तरीत किंवा फोंड्याच्या डोंगरपट्ट्यात ज्यांचं कुळागर, म्हणजे पोफळी-नारळांची बाग, आहे, त्यांना हा प्रश्न कधीतरी पडतोच. नुसत्या सुपारीवर घर चालत नाही, नारळ माकडं उतरवतात, केळीवर गव्यांचा डोळा. त्याच जमिनीत, त्याच पाटाच्या पाण्यावर आणखी काय काढायचं? बहुतेकांच्या तोंडी दोनच नावं येतात, मिरी आणि जायफळ. दोन्ही सावलीत येतात, दोन्ही वाळवून ठेवता येतात. शिवाय माल वजनाला कमी आणि मोलाला जास्त, त्यामुळे तो न्यायला टेम्पो सांगावा लागत नाही. स्कूटरवर एक पोतं टाकलं की झालं. चरावणे, हिवरे, सुर्ला अशा टोकाच्या गावांत हे फार महत्त्वाचं.

घाई असेल त्याने मिरीच लावावी, यात वाद नाही. पोफळ सात-आठ वर्षांची झालेली असली की जूनच्या पहिल्या पावसात तिच्या उत्तरेच्या किंवा ईशान्येच्या अंगाला, बुंध्यापासून दीड-दोन फुटांवर, मुळं फुटलेलं रोप लावायचं. पाणी साचणार नाही एवढं बघायचं आणि वेल वाढेल तशी केळीच्या सोपटाने बांधत जायची. तिसऱ्या वर्षी पहिले घोस दिसतात, सात-आठ वर्षांत वेल भरात येते. बऱ्या निगराणीतली वेल किलो-दोन किलो सुकी मिरी देते. तीन किलो ओल्या मिरीची किलोभर सुकी, हा हिशेब सहसा चुकत नाही. जातीच्या बाबतीत एकच सांगणं: पन्नियूर-१ ला उजेड हवा, दाट सावलीत तिचे घोस विरळ भरतात. कुळागर गर्द असेल तर करीमुंडा बरी.

जायफळाला धीर लागतो. बियांपासूनच्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळायला पाच-सात वर्षं जातात. म्हणून आता कलमंच लावावीत. कोकण सुगंधा, कोकण स्वाद, कोकण श्रीमंती या दापोलीच्या जाती आपल्या हवेत चालतात. कलम चौथ्या वर्षाच्या आसपास फळू लागतं, पण ज्याला उत्पन्न म्हणावं ते आठ-दहा वर्षांनी. घेताना एक विचारा, कलमाची काडी उभ्या फांदीची की आडव्या? आडव्या फांदीचं कलम झुडपासारखं पसरतं आणि पोफळींच्या ओळींत अडचण करतं. उभ्या फांदीची कलमं कमी मिळतात, तरी थांबून तीच घ्यावीत. पोफळी नऊ-नऊ फुटांवर असतील तर चार पोफळींच्या मध्ये एक झाड, आणि तेही एक चौक सोडून एक. प्रत्येक चौकात लावलं तर दहा वर्षांनी खाली केळही होत नाही आणि अननसही नाही.

इथवर पारडं मिरीकडेच झुकतं. ते फिरतं शिडीपाशी.

मिरी काढायला एका कळकाची, खुंट्यांची शिडी लागते आणि त्या शिडीवर तासन् तास उभा राहणारा माणूस लागतो. घोसातले एक-दोन दाणे तांबडे झाले की तो घोस काढायचा. पण सगळे घोस एकदम तयार होत नाहीत, त्यामुळे एकाच वेलीला दोन-तीन फेऱ्या. प्रत्येक फेरीला शिडी उभी करायची, पोफळीला बांधायची, वरचं काढून झालं की सोडून दुसऱ्या बाजूला न्यायची. सुपारीचा पाडेली एका पोफळीवरून दुसरीवर झोका घेत जातो, घड तोडतो आणि मोकळा होतो; मिरीला असं जमत नाही. शिवाय हंगाम कोणता? डिसेंबर ते मार्च. तेव्हाच सुपारी उतरायची असते, आणि फेब्रुवारीअखेर काजू सुरू झाला की उरलेली माणसं बोंडं गोळा करायला आणि फेणीच्या भट्टीवर. ज्याच्याकडे जावं तो म्हणतो, “परवा येतो.” तोवर पिकलेले दाणे गळतात, काही पाखरं नेतात, आणि घोस वेलीवर फार दिवस राहिले की वेल थकते, पुढच्या साली कमी धरते. मजुरी वाढवून प्रश्न सुटला असता तर गोष्ट वेगळी होती. चढणारा माणूसच गावात उरलेला नाही, तिथे जास्त पैसे कोणाला देणार?

आणि ही शिडी वर्षातून एकदाच लागते असंही नाही. मिरीच्या मरीवर, म्हणजे वेल झटक्यात मारणाऱ्या बुरशीच्या रोगावर, मे-जूनमध्ये एक आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एक, अशा एक टक्का बोर्डोच्या (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाच्या) किमान दोन फवारण्या हव्यात, शिवाय बुंध्याशी तांब्याच्या औषधाची आळवणी. सुपारीचा कोळेरोगही (पावसात कोवळी सुपारी कुजून गळते तो) त्याच कुळातल्या बुरशीचा, म्हणून फवारणी जोडीने उरकते हे खरं. पण भर पावसात शेवाळलेल्या पोफळीला शिडी लावायची वेळ कोणावर येऊ नये. बोर्डो करताना घाई नको. एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यात, एक किलो चुना दुसऱ्या पन्नास लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या पिंपांत. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचं, उलट नाही. कोयत्याचं पातं मिनिटभर बुडवून पाहावं. तांबूस लेप चढला तर चुना आणखी हवा. एक फेरी चुकली आणि पाऊस लागून राहिला, तर भरलेली वेल दोन-तीन आठवड्यांत पानं टाकून मोकळी होते. मग पुन्हा तिसऱ्या वर्षाची वाट.

जायफळाचं फळ आपणच उकलतं आणि खाली पडतं. सकाळी टोपली घेऊन वेचायचं, म्हातारी माणसंही वेचतात. सगळा तराजू माझ्या मते इथे फिरतो.

मात्र फळ पडतं ते जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे ऊन आठवडाभर तोंड दाखवत नाही तेव्हा. मिरीला जानेवारीच्या उन्हात अंगणात चार-पाच दिवस पुरतात. जायपत्री, म्हणजे जायफळाच्या कवचावरची लाल जाळी, तशी सुकत नाही. ओल्या पाचोळ्यात रात्रभर पडलेल्या फळाच्या पत्रीला बुरशी धरते, म्हणून वेचणं रोजच्या रोज. पत्री अख्खी सोडवायची, पाऊणशे अंशांच्या गरम पाण्यात दोन मिनिटं बुडवायची म्हणजे लाली टिकते, मग पसरून वाळवायची. चुलीवरच्या माळ्यावर ती वाळते, पण धुराने काळवंडते आणि भाव पडतो. पाच-सहा किलो सुक्या जायफळामागे जेमतेम किलोभर पत्री निघते आणि किलोमागे तिचाच दर चढा, तेव्हा तिला धुरात घालणं म्हणजे हातचा पैसा काळा करणं. जाळ बाहेर आणि गरम हवा आत, अशी पत्र्याची पेटी करून घेतली की काम होतं. विजेच्या ड्रायरवर भिस्त नको, जुलैत डोंगरातली लाईन कधी जाईल त्याचा नेम नाही. जायफळ कवचासकट वेगळं वाळवायचं आणि उष्णता पंचेचाळीस अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही, नाहीतर आतलं तेल सुटतं. कवच हलवल्यावर आत खुळखुळलं की वाळलं समजावं.

हा त्रास लहान नाही. पण तो घरातल्या घरात सुटणारा आहे. पेटी एकदा केली की वर्षानुवर्षं चालते. चढणारा माणूस दर वर्षी नव्याने शोधावा लागतो.

सालीचं तेवढं बघा. फळाच्या वजनातला मोठा भाग सालीचा, आणि तो बहुतेक ठिकाणी झाडाखालीच कुजतो. लोणचं आणि मुरंबा घरोघर होतो. जुन्या गोव्याच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने सालीची टॅफी करण्याची पद्धतही बसवली आहे. गावात बायकांचा बचतगट चालता असेल तर हे उत्पन्न वेगळं.

जायफळ कुठे लावू नये तेही सांगतो. पाटाचं पाणी मार्चमध्ये आटतं तिथे नको. मुळं वरवर असतात, उन्हाळ्यात ताण बसला की फुलोरा आणि कोवळी फळं गळतात. आणि जमीन नावावर नसेल, एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबारा म्हणा) दुसऱ्याचंच नाव असेल, जे सत्तरीत नवं नाही, तर दहा वर्षांचं झाड लावण्याआधी विचार करावा. तिथे मिरीच बरी. तिसऱ्या वर्षी पैसे सुरू होतात, आणि उद्या जागा सोडावी लागली तर छाटाच्या काड्या घेऊन जाता येतात.

जमीन आपली, पाणी मेपर्यंत, आणि घरात चढणारं कोणी नाही, असं असेल तर जायफळ. मिरीचा मोह सुटत नसेल तर घराजवळच्या कडेच्या पोफळींवर तेवढी चढवावी आणि वेल दहा-बारा फुटांवर छाटत राहावी, म्हणजे साध्या घरच्या शिडीने हात पोचतो. जायफळाच्या अगदी शेजारच्या पोफळीवर मात्र नको, तिथली कोंदट ओल मरीला आमंत्रण देते. आणि दहा मादी कलमांमागे एक नर कलम आठवणीने मागून घ्या. रोपवाटिकेत ते कोणी आपणहून देत नाही.